ओट्याची उंची आणि डब्यांची मापं : सत्तर चौरस फुटांतलं मुंबईचं स्वयंपाकघर

नवं स्वयंपाकघर तयार झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहते तर सासूबाई लाकडी पाट ओट्यासमोर टाकून त्यावर उभ्या. पोळ्या लाटत होत्या. बोलल्या काहीच नाहीत. त्यांची उंची ४ फूट १० इंच आणि आमचा नवाकोरा ओटा ३४ इंच. "ताई, स्टँडर्ड हाइट ठेवू ना?" असं सुतारानं विचारलं होतं आणि मी फोनवर बोलता बोलता मान डोलावली होती.

ही पहिल्या वेळची गोष्ट. चार वर्षांत सिंकखालचं प्लाय फुगून पापुद्रे सुटले, ट्रॉल्या अडकायला लागल्या आणि सगळं पुन्हा उचकटावं लागलं. दुसऱ्या वेळी मी कॅटलॉग बाजूला ठेवला आणि वही घेतली. पुढे लिहिते आहे ते त्या वहीतलं. आमचं घर मुलुंडला, वन बीएचके. स्वयंपाकघर ७ फूट बाय १० फूट, एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला खिडकी आणि तिच्यापलीकडे चिंचोळी ड्राय बाल्कनी. मुंबईत बऱ्याच जणांचं थोड्याफार फरकानं असंच असतं.

जागा लहान म्हणून कुरकुरण्यात अर्थ नाही. १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या व्हिएन्नाच्या आर्किटेक्ट बाईंनी फ्रँकफुर्टमधल्या नव्या वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखलं. आजच्या मॉड्युलर किचनची ती आजीच. माप १.९ मीटर बाय ३.४ मीटर, म्हणजे आपले सत्तर चौरस फूटच. स्वयंपाक करणारीला किती पावलं टाकावी लागतात याचा त्यांनी हिशोब मांडला होता आणि आगगाडीच्या डायनिंग कारमधला भटारखाना नजरेसमोर ठेवला होता. फरक इतकाच की त्यांच्याकडे मिरचीची फोडणी नव्हती, कुकरच्या शिट्ट्या नव्हत्या आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंतची आपली ओल नव्हती. त्यामुळे आखणी त्यांची घ्या, सामान मात्र आपल्या हवेचं हवं.

आधी आठ दिवसांची वही

सुताराला बोलवायच्या आधी एक आठवडा स्वयंपाकघरात वही टांगून ठेवा. एका वेळी ओट्यापाशी किती जण असतात, कुठलं दार किती वेळा उघडतं, धुतलेली भांडी कुठे साचतात, एकाच वेळी कोणकोणती मशीन चालू असतात, एवढंच टिपायचं.

आमच्या वहीत निघालं ते असं. सकाळी पावणेसात ते सव्वाआठ दोन बायका, दोन डबे, एक कुकर, दोनदा चहा, दोनदा मिक्सर. संध्याकाळी एकच माणूस. रविवारी मासे, म्हणजे सिंक दीड तास अडकलेलं. मिसळणाचा डबा एका सकाळीत सात वेळा बाहेर आला आणि तो होता डोक्यावरच्या कपाटात. मायक्रोवेव्ह दिवसातून दोनदा दूध गरम करायला लागायचा, पण ओट्यावरची सगळ्यात मोक्याची दोन फूट जागा त्याच्याकडे. टोस्टर आठवड्यातून एकदा.

दोन ओळी वर्षाच्या कामांसाठी ठेवा. गणपतीत मोदकपात्र कुठे चढतं, दिवाळीत चकलीचा सोऱ्या आणि मोठी कढई कुठून निघते, मे महिन्यात मसाला येतो तो कुठे जातो. रोजच्या हिशोबानं आखलेलं स्वयंपाकघर फराळाच्या आठवड्यात हात टेकतं, म्हणून.

मग भांडी मोजा

हे काम कोणी सांगत नाही आणि माझ्या मते सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो. एका रविवारी हॉलमध्ये वर्तमानपत्रं पसरून सगळी भांडी बाहेर काढा. तीन ढीग करा: रोजची, आठवड्याची, वर्षाची. चौथा ढीग देऊन टाकायच्या भांड्यांचा. त्यावरून घरात बोलाचाली होतील. आमच्याकडे एका पितळी पातेल्यावरून झाली आणि पातेलं जिंकलं.

आता टेप घ्या. ताटाचा व्यास, सगळ्यात उंच डब्याची उंची, कढईची कानांसकट रुंदी, कुकरची शिट्टीसकट उंची. आमचा पाच लिटरचा कुकर साडेनऊ इंच भरला. पहिल्या वेळच्या ट्रॉलीत आत मोकळी जागा होती आठ इंच. म्हणजे तो कुकर चार वर्षं ओट्यावरच का राहिला, याचं उत्तर दीड इंचात होतं.

जाळीच्या तयार ट्रॉल्या साधारण ४, ६ आणि ८ इंच उंचीच्या मिळतात. सुतार सवयीनं तिन्ही एकाखाली एक लावतो. तसं करू देऊ नका. सगळ्यात वर चमचे, झारे, सुऱ्या यांचा ४ इंची कप्पा. त्याखाली वाट्या, ताटल्या, पेले. आणि सगळ्यात खाली एकच खोल कप्पा, आत निदान १२ इंच मोकळे, म्हणजे कुकर, कढया, पातेली उभी मावतात. ताटं आडवी रचण्यापेक्षा उभी लावायची जाळी घ्या. सहा ताटांखालचं सातवं काढायची कसरत वाचते.

ट्रॉली पूर्ण बाहेर येते ना, ते बघा. अर्धवट उघडणारा चॅनल (ट्रॉली ज्यावर सरकते ती पट्टी) स्वस्त पडतो, पण मागची एक तृतीयांश जागा अंधारात राहते. चॅनल किती किलोचा आहे तेही विचारा. पातेल्यांच्या कप्प्याला ४० किलोच्या आसपासचा घ्या, कारण स्टील आणि बिडाची भांडी एकत्र आली की वजन भराभर वाढतं.

कुठली वस्तू कुठे, याचा नियम साधा आहे. मांडीपासून डोळ्यांपर्यंतच्या पट्ट्यात रोजच्या वस्तू. त्याच्यावर आठवड्याच्या. माळ्यावर वर्षाच्या. वजनदार आणि काचेचं काहीही डोक्याच्या वर नको. मिसळणाचा डबा, मीठ, तेल गॅसच्या हाताशी, पण शेगडीच्या बरोब्बर वर नको. वाफेनं मसाल्याचे गठ्ठे होतात.

ओट्याची उंची

ओटा ३४ इंच असावा, असं कुठल्याही शास्त्रात लिहिलेलं नाही. ओट्यापाशी जास्त वेळ कोण उभं राहतं ते ठरवा. त्या माणसाला घरातल्या चपलांसकट सरळ उभं करा, कोपरात हात काटकोनात वाकवायला सांगा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा. त्यातून ४ ते ६ इंच वजा केले की चिरण्या-शिजवण्याची उंची मिळते. ५ फूट ४ इंचांच्या बाईला ती ३४ च्या आसपास येते, पाच फुटांच्या खालच्या बाईला ३१-३२. पोळ्या लाटायला आणि कणीक मळायला वरून भार द्यावा लागतो, त्यामुळे ती जागा आणखी दोन-तीन इंच खाली हवी. शेगडी ओट्यावर ठेवायची असेल तर तिची स्वतःची उंची आणि त्यावर पातेल्याची उंची धरा. सासूबाईंना आमटीच्या पातेल्यात डोकावता यायचं नाही ते त्यामुळेच.

आमच्याकडे दोन बायका आणि दोघींत सहा इंचांचा फरक. मधली उंची धरली असती तर दोघींचीही पाठ दुखली असती. दुसऱ्या वेळी मुख्य ओटा ३३ इंच ठेवला आणि समोरच्या भिंतीला २९ इंचांवर १८ इंच खोल आणि साडेतीन फूट लांब असा ग्रॅनाइटचा वेगळा कट्टा घातला. पोळपाट कायम तिथेच असतो. लाटायचं तिथे, वळलं की समोर तवा. सकाळी त्या लाटतात, मी भाजते. काम झाल्यावर त्याच कट्ट्याखाली स्टूल सरकवून त्या बसून भाजी निवडतात. तुमच्या घरात कोणी अजून विळीवर चिरणारं असेल, तर जमिनीवर बसायला अडीच फूट चौकोन मोकळा राहील असं बघा. आजकालच्या आराखड्यांत ती जागा कोणी धरत नाही.

अशी दोन उंच्यांची सोय करायला सुतार कुरकुरतो. "लेव्हल दिसणार नाही," म्हणतो. न दिसू दे.

आणखी चार मापं लक्षात ठेवा. मुख्य ओट्याची खोली २४ इंच. ओटा आणि वरच्या कपाटांत २० ते २४ इंच, नाहीतर मिक्सरचं झाकण उघडताना भांडं वर आपटतं. वरची कपाटं १२ ते १४ इंचांपेक्षा खोल नकोत, कपाळ वाचतं. आणि खाली, ओट्याच्या पायथ्याशी, पावलं आत जातील अशी ३ इंच खोल, ४ इंच उंच खाच. ती नसेल तर आपण नकळत वाकून उभे राहतो.

पाण्यापासून विस्तवापर्यंत

क्रम असा: फ्रिजमधून काढलं, सिंकवर धुतलं, शेजारी चिरलं, गॅसवर गेलं, पलीकडे उतरवलं. भाजीचा हा प्रवास एकाच दिशेनं झाला पाहिजे. फ्रिज, सिंक आणि गॅस यांना जोडणाऱ्या त्रिकोणाच्या तीन बाजूंची बेरीज १३ ते २६ फुटांत असावी, असा एक जुना अमेरिकन ठोकताळा आहे. आपल्याकडे ती २६ च्या वर जाणं अवघडच. आपली अडचण उलटी, सगळं एकमेकांना चिकटतं. त्यामुळे माझा ठोकताळा एकच: सिंक आणि शेगडीच्या मध्ये सलग निदान अडीच फूट ओटा मोकळा. खरं चिरणं, मळणं, वाढणं तिथेच होतं. तिथे मायक्रोवेव्ह, फिल्टर, बरणी काहीही मुक्काम करणार नाही. शेगडीच्या दुसऱ्या बाजूला भिंत असेल तर मध्ये १२ ते १५ इंच सोडा. कढईचा कान भिंतीला लागत नाही आणि उतरवलेला कुकर ठेवायला जागा होते.

सिंक खिडकीपाशी, गॅस खिडकीपासून लांब. वाऱ्यानं ज्योत विझते, विझली नाही तर पातेल्याच्या एकाच बाजूला लागते. गॅस आग्नेयेला आला तर उत्तम, घरातले खूश. पण त्यासाठी पाइप अर्ध्या खोलीभर फिरवायचा असेल, तर मी तरी फिरवणार नाही.

७ फूट रुंदीत दोन्ही बाजूंना २४ इंची ओटे घातले, तर मध्ये ३६ इंच उरतात. एका माणसाला पुरतं. दुसरा मागून गेला की "सरक जरा" सुरू होतं. म्हणून समोरची बाजू १८ इंचांचीच ठेवली आणि मधली वाट ४२ इंच झाली. फ्रिज दाराशेजारी, म्हणजे पाणी प्यायला आलेलं पोर गॅसपर्यंत येत नाही. फ्रिज भिंतीला चिकटवू नका. दार काटकोनाच्या थोडं पुढे उघडल्याशिवाय आतला भाजीचा कप्पा निघत नाही. पहिल्या वेळी आमचा निघायचा नाही, चार वर्षं मी कोथिंबीर वाकवून काढली.

हे सगळं कागदावर बरं दिसतं, पण खरी परीक्षा जमिनीवर. हॉलमध्ये खडूनं स्वयंपाकघर खऱ्या मापात आखा, फ्रिजच्या जागी खोका ठेवा, ट्रॉली उघडते तिथे वर्तमानपत्र पसरा आणि दोघांनी आत उभं राहून खोटा खोटा चहा करून बघा. शेजारीण हसेल. दहा मिनिटांत तीन चुका सापडतील.

सिंक आणि त्याच्याखालची जागा

डबल बाउल सिंक दुकानात छान दिसतं. लहान स्वयंपाकघरात ते घेऊ नका. दोन्ही भांड्यांत कढई आडवी मावत नाही. २४ बाय १८ इंचांचं, ८-९ इंच खोल एकच सिंक घ्या. स्टील ३०४ ग्रेडचं. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो आणि "बघा, चिकटत नाही" म्हणतो. २०२ ग्रेडलाही चुंबक सहसा चिकटत नाही, तेव्हा त्या प्रयोगावर जाऊ नका. ग्रेडचा शिक्का आणि बिलावरचा उल्लेख बघा. समुद्राची हवा हलक्या स्टीलला लवकर खाते. हाच नियम बिजागऱ्या आणि स्क्रूंनाही.

आता सिंकखाली. मुंबईतली स्वयंपाकघरं इथूनच मरतात. पाइपाच्या सांध्यातून थेंब गळतो, दार बंद, आत अंधार, वर ओलं फडकं टांगलेलं. दोन पावसाळ्यांत प्लायचा तळ जातो, मग झुरळं, मग वास. आमच्या पहिल्या वेळी ठेकेदारानं सगळीकडे वॉटरप्रूफ प्लाय सांगून तळाला भलतंच काहीतरी घातलं होतं. हे कळलं तेव्हा ते हातात तुकड्या-तुकड्यांनी आलं.

दुसऱ्या वेळी सिंकखालच्या भागात लाकूड घातलंच नाही. दोन्ही बाजूंना उभे कडप्पे, तळाला टाइल, तळ बाहेरच्या बाजूला किंचित उतरता. फक्त दार प्लायचं, त्यालाही हवा खेळायला फटी. गळलं तर पाणी बाहेर लादीवर दिसतं, म्हणजे त्याच दिवशी कळतं. जुन्या कडप्प्याच्या ओट्यांना आपण नाकं मुरडतो, पण वीस-वीस वर्षं ते फुगत नाहीत. अख्खं स्वयंपाकघर कडप्प्यात करून पुढे फक्त दारं लावली तरी चालतं, खर्चही कमी. मी बाकी ठिकाणी प्लाय घेतलं ते केवळ ट्रॉल्यांसाठी.

पाइप भिंतीत शिरतो तिथली भोकं सिमेंटनं बंद करून घ्या. उंदीर आणि झुरळं त्याच वाटेनं येतात. पाणी बंद करायचा कॉक हात जाईल अशा जागी हवा. आमचा पूर्वी ट्रॉलीच्या मागे होता.

पाण्याच्या फिल्टरबद्दल एक. महापालिकेचं पाणी तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, भातसा, अप्पर वैतरणा आणि मध्य वैतरणा या सात तलावांतून येतं. ते मुळात हलकं असतं, त्यातले विरघळलेले क्षार पिण्याच्या पाण्याच्या लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा बरेच कमी. अशा पाण्याला आरओची गरज नसते, साधा यूव्ही पुरतो. आरओ एक लिटर देताना दोन-तीन लिटर मोरीत घालवतो. इमारतीत टँकर किंवा बोअरचं पाणी मिसळत असेल, तर मात्र आधी टीडीएस, म्हणजे हेच विरघळलेले क्षार, मोजून घ्या. आणि उन्हाळ्यातल्या पाणीकपातीसाठी एका पिंपाची जागा आराखड्यातच धरा, नाहीतर ते वाटेत येऊन बसतं.

दगड आणि लाकूड

ओट्याला काळा किंवा गडद ग्रॅनाइट. संगमरवर नको, लिंबू, चिंच, कोकम त्याला खातात. क्वार्ट्झ सुंदर दिसतो, पण त्यात रेझिन असतं. तापलेली कढई सरळ ठेवली की डाग कायमचा, आणि पांढऱ्यावर हळद बसली की बसली. दगडाच्या पुढच्या कडेखाली पाणी निथळायची बारीक खाच मारून घ्या, म्हणजे सांडलेलं पाणी वळून दारांवर जात नाही. गवंड्याला पंधरा मिनिटांचं काम, पण सांगितल्याशिवाय कोणी करत नाही.

प्लाय घेताना "वॉटरप्रूफ" या शब्दावर विसंबू नका. बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारं) आणि त्यासोबत आयएस ७१० असा शिक्का अशा प्लायच्या प्रत्येक पत्र्यावर असतो. तो माल घरी उतरतानाच बघा आणि फोटो काढा, कापल्यावर शिक्के शोधत बसावं लागतं. एमआर म्हणजे ओल सहन करणारं, पाणी सहन करणारं नव्हे. साधा एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड, स्वयंपाकघरात नकोच. कापलेल्या प्रत्येक कडेला पट्टी हवी, न दिसणाऱ्या मागच्या आणि खालच्या कडेलाही. ओल आत शिरते ती नेमकी उघड्या कडेतून.

माझं मत विचाराल तर पैसा सांगाड्यात, चॅनलमध्ये, बिजागऱ्यांत आणि वायरींत घाला. दारांना साधं लॅमिनेट पुरतं. रंग कोणता, यावर मी एक परिच्छेदही खर्च करणार नाही. फक्त फार चकचकीत घेऊ नका, बोटांचे डाग पुसताना जीव जातो. आणि शेगडीच्या वरच्या किंवा शेजारच्या कपाटाखाली कुकर कधी ठेवू नका. शिट्टीची वाफ रोज एकाच जागी लागून लॅमिनेट सुटतं.

गॅस, धूर, वीज

पाइप गॅस असेल तर मीटर आणि पाइप हलवण्याचं काम महानगर गॅसच्या अधिकृत माणसाकडूनच करून घ्या, घरच्या प्लंबरकडून नाही. मीटर बंद पेटीत कोंडू नका. यातली एक गोष्ट फार कमी लोक पाळतात. पाइपातला नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, गळला तर वर जमतो, म्हणून हवेची जाळी छताजवळ हवी. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो, म्हणून सिलिंडरच्या कपाटाला जाळी तळाशी हवी. दोन्हींचे बर्नरचे जेटही वेगळे असतात. सिलिंडरवरून पाइप गॅसवर येताना शेगडी बदलून घेतली नाही तर ज्योत लागत नाही नीट.

चिमणी शेगडीपासून २६ ते ३० इंच वर. जाहिरातीतल्या सक्शनच्या आकड्यापेक्षा पाइप बघा. तो रुंद, आखूड आणि कमीत कमी वळणांचा असला पाहिजे. ताशी १२०० घनमीटर हवा ओढणाऱ्या चिमणीला चार वळणं दिलीत की तिचा जोर तिथेच जिरतो. तोंड बाहेर मोकळ्या हवेत काढा, शेजाऱ्यांच्या खिडकीसमोर नाही. सोसायटीच्या अर्ध्या कुरबुरी सुकटीच्या वासावरून असतात. आणि चिमणी आहे म्हणून खिडकी कपाटांनी बुजवू नका.

वीज आखताना वहीतलं ते पान काढा, एकाच वेळी काय काय चालतं ते. १६ अँपिअरचा एक पॉइंट २३० व्होल्टला जास्तीत जास्त ३६८० वॉट देतो. इंडक्शन २०००, केटल १५००, मायक्रोवेव्ह १२०० च्या पुढे. हे तिन्ही एका वायरीवर असतील तर पाहुणे आल्यावरच ट्रिप होणार. जड यंत्रांना वेगवेगळ्या वायरी, आणि पूर्ण स्वयंपाकघराला ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (शॉक लागायच्या बेतात वीज तोडणारं बटण), कारण इथे हात ओले असतात. मिक्सरचा पॉइंट ओट्यापासून ८-९ इंच वर, सिंकपासून दोन फूट लांब, शेगडीच्या मागे कधीच नाही. मला वाटलं त्यापेक्षा दोन पॉइंट जास्त घातले, ते दोन्ही आज वापरात आहेत. बटणं, वायर, दिवे यांची खरेदी लोहार चाळीत एका फेरीत होते, फक्त यादी लिहून न्या.

छताच्या मध्ये एकच ट्यूब असेल तर आपण ओट्यापाशी उभं राहिलो की आपलीच सावली भाजीवर पडते. वरच्या कपाटांखाली पुढच्या कडेला एलईडी पट्टी लावा. पिवळट नको, साधारण ४००० केल्विनची. तांदूळ निवडताना फरक कळतो.

काम कोणत्या क्रमानं

सोसायटीचं पत्र पहिलं. कामाच्या वेळा, लिफ्ट, डिपॉझिट, राडारोड्याच्या गोण्या कुठे ठेवायच्या, सगळं लेखी घ्या. खांब आणि बीमला छिन्नीही लागता कामा नये. जुन्या इमारतींत तर भिंतीच भार पेलतात, तिथे इंजिनिअरला विचारल्याशिवाय एक वीटही काढू नका. सिंक किंवा मोरी अशा जागी हलवू नका जिथे खालच्या मजल्यावर कोणाची झोपायची खोली येते. गळती सुरू झाली की ते भांडण पुढची दहा वर्षं पुरतं.

तोडफोड झाली की प्लंबिंग आणि वायरिंग. भिंत बुजवायच्या आधी टेप लावून प्रत्येक पाइपाचा आणि वायरीचा फोटो काढा. पुढे खिळा मारताना तो फोटो सोन्याचा. मग वॉटरप्रूफिंग, पाणी अडवून २४ तास ठेवणं, खालच्यांना बोलावून त्यांचं छत दाखवायला सांगणं. मग टाइल्स, जमिनीवर घसरणार नाहीत अशा खरबरीत, सांध्यांत इपॉक्सी. ओट्याचा दगड. आणि त्यानंतरच सुतारानं अंतिम मापं घ्यायची. टाइल आणि तिच्याखालचा मसाला मिळून दोन्ही बाजूंनी इंच-इंच खातात. आधीच्या मापानं कापलेली ट्रॉली मग आत जात नाही, आणि तो म्हणतो भिंत वाकडी आहे. भिंत वाकडी असतेच.

काम ऑक्टोबर ते मार्चमध्ये बसवा. पावसाळ्यात लाकूड ओलं, चिकटवलेलं वाळत नाही. तीन आठवडे धरा असं ठेकेदार सांगेल, तुम्ही पाच धरा. तोवर हॉलमध्ये एक इंडक्शन, एक कुकर, एक बादली. पैसे टप्प्याटप्प्यानं द्या आणि शेवटचा हप्ता हातात ठेवा, कारण त्याच्याशिवाय शेवटची चार बिजागऱ्यांची कामं होत नाहीत.

पहिल्या पावसाळ्यात एखादं दार घासायला लागेल. लगेच रंधा मारू देऊ नका. बिजागरीचा स्क्रू अर्धा फेरा फिरवून बघा, नाही जमलं तर ऑक्टोबरपर्यंत थांबा. हवा कोरडी झाली की लाकूड आपोआप आत जातं, आणि जुलैत तासलेल्या दाराला तेव्हा बोटभर फट पडलेली असते. आमच्या चमच्यांच्या कप्प्यात झाऱ्याशेजारी एक स्क्रूड्रायव्हर कायमचा आहे.